दोन बत्हे

अब्बा, त्या दिवशी शेठना उन्हात मीच उभं केलं होतं. तुम्ही शेवटपर्यंत त्यांनाच येडे म्हणत राहिलात आणि मी मान डोलवत राहिलो.

तुम्ही दुबईहून हापूसची गाडी घेऊन रियाधला यायचात, मी शेठच्या फळांच्या दुकानात काउंटरला. देश दोन, मग मालावर कस्टमची ड्युटी एकदाच कशी, असं मी आदल्या खेपेला विचारलं, तेव्हा तुम्ही खोलीवर मच्छीचं कालवण ढवळत होतात. "सहा भावांचं एक घर समज," तुम्ही म्हणालात, "पाहुण्यानं पहिल्या दारात चपला काढल्या की झालं. मग कुठल्याही भावाच्या खोलीत जाऊ दे." म्हणजे आखातातले सहा देश ते सहा भाऊ, दुबईत ड्युटी भरली की चपला निघाल्या. मी म्हटलं, मग मधल्या दाराशी शिपाई कशाला? तुम्ही पळी माझ्यावर रोखलीत. "तुझ्यासारखे चपला घालून घुसतात म्हणून." नववीपर्यंत शाळेत जे शिरलं नाही, ते त्या कालवणात शिरलं.

तर त्या दिवशी सौदीच्या सरहद्दीवर तुम्ही अडकलात. दुबईच्या पावतीवरचा शिक्का पुसट. चपला काढल्यात खऱ्या, पण तिथल्या कस्टमच्या साहेबाला दिसेनात. दुबईहून खात्री होईपर्यंत थांब म्हणाला. गाडीत आंबा पिकतोय, आणि शेठनी आधीच बजावलेलं की आता उशीर झाला तर पुढची खेप दुसऱ्या ड्रायव्हरला. तुम्ही दुकानात फोन केलात, "बत्ह्यात आहे, शेठना सांग."

आता सरहद्दीच्या त्या ठाण्याचं नाव बत्हा, आणि रियाधमधल्या आपल्या बाजाराचंही बत्हा. मधे अर्ध्या दिवसाचा रस्ता, नुसती वाळू. मला माहीत होतं तुम्ही कुठल्या बत्ह्यात ते. पण शेठचा तो आंबट चेहरा बघितला आणि राहवलं नाही. निरोप जसाच्या तसा दिला, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शेठ टोपी घालून, चार हमाल आणि हातगाड्या घेऊन बाजाराच्या गल्लीच्या तोंडाशी उन्हात जाऊन उभे. तासाभरानं त्यांनी तुम्हाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"बत्ह्यात."

"मी पण बत्ह्यातच आहे. मग दिसत नाहीस तो?"

"टपावर चढून हात करू काय?"

शेठ म्हणाले, खलास, तुझी खेप बंद. मी दारात हसत होतो, तो तिथेच थिजलो. मस्करीत बापाची गाडी जात होती.

पुढचं तुम्हीच किती वेळा सांगितलंत. तुमच्या चढलेल्या आवाजात बत्हा ऐकून साहेबानं विचारलं, भांडण कसलं? तुम्ही मोडक्या अरबीत समजावलंत. तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून परत सांगायला लावलंन. मग दुबईला फोन त्यानं स्वतः लावला. शेठशीही बोलला, "बत्हा इथे आहे, शेख. यल्ला, चला, तुम्ही घरी जा."

आंबा चांगला पोचला, खेपही तुमचीच राहिली. वर तुम्ही मला एक पेटी दिलीत, निरोप नीट दिला म्हणून. मी ती हसत हसत खाल्ली, अब्बा.

हे पत्र टाकायचं कुठे? दुकानातल्या फाईलीत, त्या पुसट पावतीच्या मागे ठेवतोय. शेठ गेल्या महिन्यात वारले. आता तुमच्याकडेच आलेत, भेटले की बत्ह्याचा विषय काढतीलच. तुम्हाला अल्लाची शपथ, कोणाला सांगू नका. शेठना तर नाहीच.