मुंबईहून आलेली काठी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं शोभत नाही, असं कोणीही म्हणेल. नाही शोभलं तरी चालेल मला. गेल्या महिन्यात मी स्वतःसाठी एक गळाची काठी विकत घेतली. दुकानात ती हातात धरून तोलताना तुम्ही इतके लख्ख समोर आलात की घरी आल्यावर चहासुद्धा न टाकता मी कागद घेऊन बसले. मग दोन ओळी लिहून उठले. आज पुन्हा बसले आहे. जे तुम्ही जिवंतपणी मला मोठ्याने बोलू दिलं नाहीत, ते आधी लिहून टाकते. अंबाझरी तलावाच्या काठावर शेवटपर्यंत तुम्ही जी हलकी, हिरवट काठी वापरलीत, ती मी आणली होती.

तुमचा खांदा गिरणीत गेला. कापडाची गठाण वरून घसरली आणि उजव्या खांद्यावर आली. हाड जुळलं, पण हात कानाच्या वर जाईना, आणि गिरणीने तुम्हाला घरी बसवलं. आई आधीच गेलेली. दादा मुंबईला नोकरीला लागून पत्र टाकायचंही विसरलेला. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुकतीच चिकटले होते. धरमपेठेच्या मागच्या गल्लीतलं आपलं दोन खोल्यांचं घर तेव्हापासून माझ्या पगारावर चालू लागलं आणि त्याबद्दल आपण दोघं एक शब्द बोललो नाही. मी पगाराचं पाकीट देवाच्या फळीवर ठेवायची, तुम्ही तिथून ते उचलायचात, जसं काही देवानेच दिलं.

तुमची जुनी काठी भरीव बांबूची होती, पितळी कड्यांची, मुठीला सुतळी गुंडाळलेली. अंबाझरीला काठावर बसून मोठा मासा हवा असेल तर दोरीच्या टोकाचं शिसं लांब, खोल पाण्यात पडायला लागतं, आणि ती काठी डोक्यावरून पूर्ण फिरवल्याशिवाय शिसं लांब जात नसे. बरं वाटू लागल्यावर पहिल्याच रविवारी तुम्ही प्रयत्न केलात. मी डबा घेऊन आले होते, म्हणून मला दिसलं. शिसं तुमच्या पायांपासून चार हातांवर पडलं. तुमचे सगळे सोबती पाण्याकडे बघत राहिले, कोणी हसलं नाही, आणि तेच तुम्हाला सोसलं नाही. त्यानंतर तुम्ही काठी न घेताच तलावावर जायला लागलात. दुसऱ्यांच्या गळांसाठी कणकेच्या गोळ्या वळून द्यायचात. ज्या माणसाच्या गळाला लागलेला कतला बघायला लोक सायकली थांबवायचे, तो माणूस खाली मान घालून कणीक मळत बसलेला मला बघवत नव्हता.

मला गळ टाकता येत नव्हता. लहानपणी एकदा मी काठीला हात लावला तर तुम्ही ओरडला होतात, "ठेव वं ते खाली! पोरीचं काम नाही ते." पण बघायला बंदी नव्हती आणि मी पुष्कळ बघितलं होतं. सीताबर्डीवर काडतुसं विकणाऱ्या एका दुकानात मासेमारीचं सामान मिळायचं. ड्यूटी संपवून मी तिथे गेले, पिशवीत तुमच्या काठीचं, तंगुसाची दोरी गुंडाळलेलं लोखंडी चाक घेऊन. दुकानदार म्हणाला, "साहेबाले पाठवा ना, बाई. हे पसंत कराचं काम त्याइचं आहे." मी म्हटलं, त्यांचा खांदा दुखतो, म्हणूनच मी आले आहे.

त्याने दाखवलेली पहिली काठी इतकी हलकी की मला हसूच आलं, पण टोकाला शिसं बांधून उचलली तर ती निम्म्यापासून वाकली आणि वाकूनच राहिली. दुसरी ताठ होती, मात्र चाक बसवल्यावर तिचं टोक जमिनीकडे ओढत होतं, म्हणजे सगळा भार मनगटावर आणि तिथून खांद्यावर. तिसरी पोकळ फायबरची, दोन तुकड्यांत सुटणारी, बुचाच्या मुठीची. चाक बसवून मी ती चाकाच्या थोडं पुढे एका बोटावर आडवी ठेवली. ती कुठे कलली नाही. मग मी माझा उजवा दंड अंगाशी घट्ट धरला, तुमचा राहायचा तसा, आणि फक्त कोपरापासून हात झटकला. टोक वाकलं आणि लगेच सरळ झालं. पुन्हा केलं, पुन्हा केलं. गिऱ्हाईकं माझ्याकडे बघायला लागली. दुकानदार म्हणाला, "झालं का, बाई?" झालं होतं. त्या दिवशी सीताबर्डीवरून घरापर्यंत मी ती कापडात गुंडाळलेली काठी घेऊन चालत आले, कारण बसमध्ये कोणाचा धक्का लागला असता.

तुम्ही चुलीजवळ पाटावर बसला होतात. काठी जोडलीत, डाव्या हाताने तोललीत, मग उजव्या. "हलकी आहे," म्हणालात.

"मुद्दाम हलकी घेतली, बाबा. खांद्यातून जोर लावावा लागत नाही."

"तुटन," म्हणालात, आणि ती दाराआड उभी करून ठेवलीत. बस, तेवढंच. पण रविवारी मी उठले तेव्हा दाराआड काठी नव्हती.

दुपारी मी डबा घेऊन येते. तलावाच्या पाळीवरून, बांधावरून उतरताना मला दिसतं, तुम्ही पाण्याच्या कडेला उभे आहात, दंड अंगाशी धरलेला, आणि नुसता कोपरापासून हात हलतो. शिसं जातं, जातं आणि सगळ्यांच्या पलीकडे पडतं. मी तिथेच थांबले. आनंदाने मला पुढचं पाऊल टाकवेना. तुमचे जुने मित्र, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका, उठून तुमच्याजवळ आले. काठीवरून हात फिरवत म्हणाले, "वा गा! कुठून आणली?"

"पोरानं पाठवली," तुम्ही म्हणालात. "मुंबईहून."

"नशीबवान आहेस गा. नाहीतर आजकालचे पोरं बापाले विचारून राहिले का?"

तुम्ही हसलात. मग वळलात आणि मी दिसले. मी ऐकलं हे तुम्हाला कळलं, बाबा, कारण तुमचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. "ठेव तिथं डबा," तुम्ही म्हणालात.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि तुम्ही ताटावर बसला होतात, तेव्हा मी विचारलं, "काहून सांगितलं बाबा तसं?"

"काय सांगू मंग? पोरीच्या कमाईवर बसून राहिलो म्हणून सांगू लोकाइले?"

"खाऊन तर राहिलो ना आपण."

तुम्ही ताट सरकवलंत. "बाईमाणसानं एवढं बोलू नये," म्हणालात. मग तुम्ही ताट पुन्हा ओढून घेतलंत. माझ्या हातची गरम भाकरी तुम्ही वाढून घेतलीत, अगदी पोटभर जेवलात. त्या ओढून घेतलेल्या ताटाचा मला जितका राग आला, तितका सरकवलेल्या ताटाचा नाही आला.

एकदा सांगितलेलं खोटं तुम्हाला सांभाळावं लागलं. दादा पैसे पाठवतो, दादा बोलावतो पण मलेच करमत नाही तिकडं, दादाने यंदा धोतरजोडी पाठवली. गल्लीत मी खाली मान घालून ड्यूटीला जायची आणि बायका म्हणायच्या, हौसेने करते हो नोकरी. तेही मी चालवून घेतलं असतं. पण वर्ध्याहून तो शाळामास्तर मला बघायला आला, त्या दिवसाचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. माझ्या मैत्रिणीचा मावसभाऊ. आम्ही दोनदा बोललो होतो, तिच्या घरी, सगळ्यांसमोर. मला तो आवडला होता. हे तुम्हाला माहीत होतं, मीच सांगितलं होतं, आणि सांगताना मला किती लाज वाटली होती तेही तुम्ही पाहिलं होतं.

मी स्वयंपाकघरात पोह्यांवर कोथिंबीर घालते आहे आणि बाहेरचं सगळं ऐकू येतं आहे. त्याचे वडील म्हणाले, "लग्न झाल्यावर पोरीले नोकरी सोडून वर्ध्याले यावं लागन. तुमची काही अडचण होईल का?" भला माणूस, विचारलं तरी. बैठकीला तुम्ही गार्डकाकांना बोलावलं होतं. तुमच्या आधी तेच बोलले, "अडचण कायची? पोरगा आहे ना मुंबईले. घर तोच चालवते. बापाले मासे धराची काठीसुद्धा तोच पाठवते."

तुम्ही अडकलात. लग्नाला हो म्हणावं तर पुढच्या महिन्यात घर कसं चालणार, नाही म्हणावं तर कारण काय देणार. मी हातातली कोथिंबीर तशीच धरून उभी राहिले. मला खरंच वाटलं बाबा, की आता तुम्ही खरं सांगाल. माणसं समजूतदार होती, काही मार्ग निघाला असता.

"पोरगीच तयार नाही," तुम्ही म्हणालात. "तिले लगनच नाही कराचं. किती समजावलं आम्ही. लय हेकट आहे."

पोहे मीच बाहेर नेले, दुसरं कोण होतं न्यायला? त्याने बशी घेतली आणि खाली बघून हळूच म्हणाला, "माफ करा, आम्हाला माहीत नव्हतं." तुम्ही भिंतीकडे बघत होतात. तिथेच मी तोंड उघडलं असतं तर चारचौघांत, गार्डकाकांसमोर, तुम्ही खोटे पडला असतात. तुम्हाला मी तसं बघू शकले नसते, आणि तुम्ही त्याच भरवशावर होतात. त्यानंतर आपल्याकडे स्थळ आलं नाही. हेकट मुलीच्या दारात कोण येतं?

तुम्ही गेलात तेव्हा दादा आला, तेरावं होईपर्यंत राहिला. काठी त्या वेळी गार्डकाकांकडे होती. ती घेऊन ते आले आणि रडत रडत दादाच्या हातात दिली. "तुझीच आहे, बाबू. तुझं नाव घेतल्याशिवाय त्यानं एक दिवस गळ टाकला नाही." दादाने माझ्याकडे पाहिलं. ते गेल्यावर मी विचारलं, "ही तू पाठवली होतीस?"

"बाबा म्हणत होते ना तसं? मग राहू दे ना आता. गेले ते." आणि काठी कापडात गुंडाळून सामानाबरोबर रिक्षात ठेवली. मोठ्या मनाने घेतल्यासारखी.

पुढे कधीतरी मी त्याच्याकडे गेले होते. वहिनी छताची जळमटं काढत होती. काठीच्या टोकाला तिने झाडू बांधला होता. बुचाची मूठ काळी पडलेली, कड्या काढून टाकलेल्या. मी बघते आहे हे पाहून ती म्हणाली, "खूप हलकी आहे हो. अजिबात हात भरून येत नाही." मी म्हटलं, "हो, हलकीच आहे."

आता मी मनीषनगरला राहते, नोकरीतून कधीच मोकळी झालेली. शेजारच्या जोडप्याला मासे धरायचा नाद आहे. त्यांच्यासोबत मी शहराबाहेरच्या एका तलावावर जायला लागले, आधी नुसती बसायला. एक दिवस त्यांनी काठी हातात दिली. मी दंड अंगाशी धरला, दुसरी कुठली पद्धत मला ठाऊकच नव्हती, आणि शिसं चांगलं लांब गेलं. म्हणून मग ही माझी स्वतःची काठी. आताच्या काठ्या फार हलक्या निघतात बाबा, तुम्हाला विश्वास बसला नसता. तुटत नाहीत.

हे पत्र मी ठेवणार नाही. ठेवलं तर कोणीतरी वाचेल आणि मग मला तुमची बाजू घ्यावी लागेल. पण एक गोष्ट सांगायची राहते. त्या पहिल्या दिवशी शेजारीण म्हणाली, "काकू, तुम्हाले तर मस्त येते! कोणी शिकवलं?" मी लगेच म्हटलं, वडिलांनी. काठावर अजूनही कोणी ना कोणी विचारतं आणि मी तेच सांगते. अलीकडे तर मी त्यात भरही घालते. म्हणते, बाबा माझ्या मागे उभे राहायचे आणि माझं कोपर हातात धरून ठेवायचे.