कपाळावरची खूण

बुधवार, सकाळचे नऊ

लाडके धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पायांची सूज उतरली असेल. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहिणार होते. सवयीने हात तसाच वळत होता.

हे वाचताना तू डॉक्टरांकडे जाणाऱ्या गाडीत असशील. आधी हिला गाडीत बसवा, मग पत्र द्या, असं तुझ्या भाऊजींना बजावून पाठवलंय. फोन मी दोनदा हातात घेतला. पण तू 'ताई, बाळ लाथा मारतंय' म्हणून सुरुवात केली असतीस आणि मी बाळाचंच बोलत बसले असते.

काल तुझ्या भाचीच्या पोटावर तीन पुटकुळ्या दिसल्या. मला वाटलं, घामोळं असेल. संध्याकाळपर्यंत पाठ भरली. कांजिण्या. डॉक्टर म्हणाले, अंगावर दिसायच्या आधी एक-दोन दिवसही दुसऱ्याला लागण होते. मी मनात दिवस मोजले. रविवारी दुपारभर ती तुझ्या पोटाला कान लावून पडली होती. सातवा महिना गं तुझा.

तू म्हणशील, शाळेत लस दिली ना मोठ्या मुलांना, ताईच तर तिथल्या ऑफिसात बसते. बसते ना. नववी-दहावीचे सगळे फॉर्म माझ्याच टेबलावरून गेले. एक रकाना रिकामा दिसला की मी आयांना दारातून परत पाठवायचे, तो तोरा विचारूच नकोस. 'कांजिण्या पूर्वी येऊन गेल्या आहेत का?' ज्यांचं 'हो', त्यांचं नाव यादीतून गाळायचं. माझ्या लेकीच्या फॉर्मवर मी 'हो' लिहिलं. चुकून नाही लिहिलं. मागे सुई बघूनच ती चक्कर येऊन पडली होती, दात ओठात घुसला होता, ते काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. म्हटलं, एका पोरीने काय बिघडतंय. शिक्का मारला आणि गठ्ठ्यात सरकवला.

मघाशी ती पडल्या पडल्या म्हणाली, "आई, माझं नाव यादीत का नव्हतं गं?" मी पाणी आणते म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. तुझे भाऊजी बूट घालून दारात खोळंबलेत. त्यांना फक्त तिचं दुखणं माहीत आहे, फॉर्मचं नाही. उगाच पाल्हाळ लावतेय मी. खरं सांगायचंय ते अजून राहिलंच.

डॉक्टर तुलाही फॉर्मवरचा तोच प्रश्न विचारतील. आणि तू नेहमीसारखी कपाळावरची खूण दाखवून हसशील.

धाकटे, ती कांजिण्यांची नाही. मला कांजिण्या आल्या तेव्हा आईने तुला महिनाभर मावशीकडे ठेवलं होतं. तू परत आलीस, आल्या आल्या माझी बाहुली उचललीस, आणि मी तुला ढकललं. पायरीची कड लागली. तू तीन वर्षांची होतीस, तुला आठवणार कुठून? पुढे शाळेत जायला लागल्यावर तू विचारलंस, ताई, हे कसलं? मी म्हटलं, कांजिण्यांचं, आपल्या दोघींना एकदमच आल्या होत्या. तुला केवढा आनंद झाला होता. तू सगळं मलाच विचारायचीस, आईला कधी नाहीच. मग खरं काय ते सांगायचं राहूनच गेलं.

पोटुशी बाईला ती लस देत नाहीत. रक्त तपासतील, गरज पडली तर दुसरं इंजेक्शन देतील, पण त्याचे दिवस मोजके असतात. मला फार भीती वाटतेय गं. बाळाची वाटते, तुझी तर त्याहून जास्त. तू रागावून माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल, पण ते उद्यापासून. आज फक्त एवढं कर. डॉक्टरांनी विचारलं की कपाळ दाखवू नकोस. 'नाही, कधीच आल्या नव्हत्या' म्हण. ताईने सांगितलंय म्हण.

आता पाणी घेऊन आत जाते. तिलाही उत्तर द्यायचंय.

तुला ढकलणारी,
ताई