पानगळीतला झाडू

अहो,

ऋतूंचे आवाज टिपायला म्हणून गेलात, ते चार महिने तिकडेच. आणि वर एकटाच राहतो म्हणता. मग तिथून पाठवलेल्या तुमच्या पानगळीच्या संगीतात झाडू कोण मारतंय?

मी झाडते त्या दवाखान्यात ते दिवसभर लावतात. सगळे म्हणतात, किती शांत वाटतं! माझं डोकं फिरतं. वाळकी पानं गोळा करत झाडू माइकपाशी, म्हणजे तुमच्याजवळ येतो, हळू होतो आणि तुम्हाला न उठवता वळसा घालून जातो. पगारी बाई असती तर "साहेब, उठा" म्हणाली असती. असा वळसा घरात मी घालते, वीस वर्षं.

ती कोण? आधीची दोन पत्रं लिहून फाडली. शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे.

अजून तरी तुमचीच,
बायको