क्लॉकच्या रेघेवरचं बोट

आई,

आधी तुझ्या पाया पडते, मग बाकीचं. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

काम नवंच आहे. बोर्डावर एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डाचा मेंदू, आणि त्याला जोडलेली यूएसबीची वेगवान चिप. चिप क्लॉकचे ठोके देते, मेंदू त्या तालावर चालतो. आठवडाभर ताल जमेना, कॉम्प्युटरला बोर्ड दिसेना. वैतागून क्लॉकच्या रेघेवर, म्हणजे ठोके नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर, बोट टेकवलं, तर सगळं सुरळीत. बोट उचललं की बंद.

साहेब म्हणाले, "होतं असं. बोटामुळे ठोका जरासा उशिरा पोचतो, आणि ताल जमतो."

मग दिसलं, नेमका तिथेच बोर्डाचा हिरवा रंग झिजलाय. बोर्ड माझ्याआधी या खुर्चीत बसणाऱ्या काकांचा. ते हिवाळ्यात वारले. तेही असंच बोट टेकवून बसत असणार.

बाबांच्या खुर्चीत कोणी बसतं का गं? बसू दे. रिकामी ठेवू नकोस.

काल बोट उचललं, तरी बोर्ड चालूच राहिला. साहेब खूश झाले आणि घरी गेले. मी खोलीत एकटीच होते.

"काका, दमला असाल, मी धरते," म्हटलं, आणि बोट परत टेकवलं.

काळजी करू नकोस.

तुझी धाकटी