केवळाबाईची घागर

१० एप्रिल १९८३
आलो बाबा एकदाचा. स्टेशन मास्तर म्हणून हे माझं पहिलंच स्टेशन. गाव लहान, पण तोरा मोठा. लातूर जिल्हा झाल्यापासून इथला पानवालासुद्धा कलेक्टरच्या थाटात बोलतो. छोटी लाईन, एक फलाट, एक कडुनिंब आणि इंजिनात पाणी भरायचा उंच नळ. उदगीरहून निघताना सगळ्यांनी दुष्काळाची भीती घातली होती. मी म्हटलं, इंजिनाला पाणी आहे तर मास्तरला काय ददात? स्वयंपाकाला धोंडाबाई येते. पिठलं झकास करते.

१२ एप्रिल
सकाळची गाडी पाणी भरून गेली की नळीत उरलेलं पाणी गावच्या बायांचं, असा इथला रिवाज. रांगेत पहिली एक काळी मातीची घागर असते. तिच्यापाशी कुणीच उभं नसतं. धोंडाबाईला विचारलं. म्हणाली, केवळाबाईची हाय. गेल्या उन्हाळ्यात आधीच्या मास्तरानं बाया हटवायला त्यांच्या अंगावर इंजिनाची वाफ सोडायला लावली. केवळाबाई सगळ्यात पुढं होती. त्या कडुनिंबाखालीच पाणी पाणी करत गेली. तवापासून पहिली घागर तिच्या नावाची भरायची आणि कडुनिंबाला घालायची. माणसांना प्यायला नाही आणि झाडाला घागर घागर पाणी. डोकंच फिरलं माझं.

१५ एप्रिल
नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब आज गाडीनं येणार होते. त्यांनी हा तमाशा बघितला तर इज्जत माझी जायची. नळाला कुलूप ठोकलं. तरी बाया हटेनात, तेव्हा ती पहिली घागर उचलली आणि रुळावर आपटली. कुणी शिवी दिली नाही, कुणी रडलं नाही. नुसत्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. साहेब खूश होऊन गेले.

१६ एप्रिल
रांजणातलं पाणी प्यालो आणि जीभ पोळली. धोंडाबाईवर खेकसलो, पाणी तापवून ओतलंस का म्हणून. तिनं त्याच तांब्यातलं घटाघटा पिऊन दाखवलं. म्हणाली, गार हाय की, मास्तर.

१८ एप्रिल
विहिरीचं, मठातलं, हॉटेलातलं. कुठलंही पाणी ओठाला लागलं की उकळतं. लातूरच्या डॉक्टरनं तोंडातले फोड बघितले आणि विचारलं, एवढी वाफ कुठं लागली? भ्यालोय. खरंच भ्यालोय.

१९ एप्रिल
कुलूप काढलं. बाजारातून नवी घागर आणून रांगेत पहिली ठेवली. बायांनी ती उचलून बाजूला ठेवली. धोंडाबाई म्हणाली, तिला आता घागर नको.

२० एप्रिल
जीभ हलत नाही. बोलायचं ते या वहीत लिहून दाखवतो. पाणी द्या, असं लिहिलं. एकीनं ते सगळ्यांना वाचून दाखवलं. कोणी हललं नाही. मग त्यांनीच हाताला धरून आणलं. रांगेत पहिल्या जागी बसवलं. नळाखाली —
तहान. उठवत नाही.
बाया मागं सरकल्या. सगळ्या. धोंडाबाई नळाचं चाक फिरवते आहे. टाकीचं पाणी गारच असतं, नेहमी गारच —
नळीतून पांढरं काहीतरी — कढत लागतंय — केवळाबाई, पहिली घागर तुझीच, मी उद्या स्वतः —