भंगारात गेलेले डबे

मंगळवार, रात्री जेवणं झाल्यावर

आज आमच्या दाळमिलच्या एलिवेटरला, म्हणजे दाळ वर चढवणाऱ्या पट्ट्याला, प्लास्टिकचे डबे बसले. लोखंडी डब्यांत वर चढताना तुरीची दाळ लई फुटायची, म्हणून मीच निवडले. निवड चुकली नाय. पण ते जुने डबे ह्यांनी मिल टाकताना स्वतः पत्रा ठोकून केलेले. विचारायचं तरी होतं! मी परस्पर भंगारवाल्याच्या गाड्यात घातले.

संध्याकाळी हे आले, नव्या डब्यांवरून हात फिरवला. म्हणाले, "झ्याक बसलेत. जुना एखादा ठेवलास का?"

"कशाला? तुळस लावायला?"

डबे बसवायला आलेला फिटर हसला. हे पण हसले. काय गरज होती माझ्या तोंडाला? ह्यांनी ठोकलेले डबे, अन् मी फिटरसमोर...

जेवताना स्वतःहून म्हणाले, "आज दाळ अख्खी निघाली बघ." माझी समजूत काढत होते. मी ह्यांच्या ताटात अजून एक पळी दाळ वाढली.