निळ्या डब्याचं सील तसंच आहे

अहो,

तुमचा फोन लागेना. मामंजी कोबी भरून ट्रकने कांगनुंगच्या बाजाराला निघालेत. ट्रकचं इंजिन ऑइल कमी झालंय म्हणून तुम्ही निळा डबा आणला होता ना, त्याचं सील तसंच आहे. शेत नांगरायच्या पॉवर टिलरच्या ऑइलचा डबा मात्र रिकामा! ‘तेलात कसली आलीय निवड?’ म्हणत त्यांनी टिलरसारखं तोंडापर्यंत ओतलं असणार. ऑइलची पातळी मोजायची पट्टी काढून बघितली असेल तर शपथ! ऑइल जास्त झालं तर डिझेल इंजिन तेच ऑइल जाळत, धूर ओकत सुटतं आणि किल्ली काढूनही थांबत नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं.

मी शेजारच्या मिजावहिनींच्या गाडीने त्यांच्या मागे जातेय. भात कुकरमध्ये आहे.

खिडकीतून घाटाच्या वळणावर पांढराफट्ट धूर दिसतोय. कुणी पाचोळा जाळत असेल.

— ओक्सुन